उसने तेहरान

मूळ कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, हा दंडक राजवाडे आणि वासुदेवशास्त्री खरे ह्यांच्या काळापासून मराठी वाचकाच्या हाडीमाशी इतका मुरला आहे की, दप्तराला हात न लावता कोणी गतकाळ सांगू लागला म्हणजे आपण त्याच्याकडे साशंक मुद्रेनेच पाहतो. कागदांच्या जोडीस स्थलदर्शनही आलेच. गड चढल्यावाचून गडावरील लढाईचे वर्णन करणारास आमच्याकडे बखरकार म्हणतील, इतिहासकार कोणी म्हणणार नाही. प्रस्तुत लेखात ज्या कलावंत स्त्रीचा परिचय आम्ही करून देऊ इच्छितो, त्यांच्यापाशी ना दप्तर आहे, ना स्थळ. इराण ह्या आपल्या मायदेशाचे गेल्या शतकातील भाग्य आणि दुर्भाग्य त्यांनी छायाचित्रांत, चित्रफितींत आणि चित्रपटांत सांगितले; पण त्यांच्या नावाजलेल्या कृतींपैकी एकीचेही चित्रण इराणच्या भूमीवर झालेले नाही. तेहरान त्यांना मोरोक्कोत उभारावे लागले आणि बाग मेक्सिकोत शोधावी लागली. दुरून केलेले हे इतिहासकथन कितपत खरे मानावयाचे? मायभूमीपासून दूर राहणारास तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार किती, हा प्रश्न परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी माणसांसही अधूनमधून टोचतोच. म्हणून शिरीन नेशात ह्यांच्या कार्याकडे थोडे बारकाईने पाहावे असे आम्हांस वाटते.

नावापासूनच आरंभ करू. ‘शिरीन’ म्हणजे गोड. पिराला वाहिलेल्या मिठाईस आपण शिरणी म्हणतो, ती ह्याच कुळातली. ‘नेशात’ म्हणजे आनंद. श्रीनगरला बदली होऊन गेलेल्या वाचकांनी दल सरोवराच्या काठची निशात बाग पाहिली असेल. तो शब्द हाच. असे दुहेरी मंगल नाव घेऊन नेशातबाई १९५७ साली काझवीन शहरी एका सुखवस्तू डॉक्टराच्या घरी जन्मास आल्या. आपला हुमायून ज्या शाह तहमास्पच्या आश्रयास गेला होता, त्याने पुढे ह्याच काझवीनला आपली राजधानी केली होती. परंतु नेशातबाईंच्या बालपणी ते एक जुने, शांत गाव उरले होते. वडील पाश्चात्त्य राहणीचे चाहते. मुलींनीही मुलांच्या बरोबरीने शिकावे, जग पाहावे, असा त्यांचा आग्रह. तेहरानच्या एका कॅथलिक निवासी शाळेत काही काळ काढल्यावर वयाच्या सतराव्या वर्षी मुलीची रवानगी कॅलिफोर्नियास झाली, आणि बर्कली येथील विद्यापीठात तिने कलेचे शिक्षण घेतले. शिकून परत यावयाचे, असाच त्या काळच्या सधन इराणी घरांचा बेत असे.

तो बेत फिसकटला. फेब्रुवारी १९७९ मध्ये शाहची राजवट कोसळली. नोव्हेंबरात तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतील माणसांना ओलीस धरण्यात आले आणि ते प्रकरण ४४४ दिवस चालले. सप्टेंबर १९८० मध्ये इराकशी युद्ध जुंपले, ते आठ वर्षे संपले नाही. परतीचा मार्ग असा एकामागून एक कुलपे पडून बंद झाला. नेशातबाई न्यूयॉर्कला आल्या आणि ‘स्टोअरफ्रंट’ नावाच्या, वास्तुशिल्प व कला ह्यांना वाहिलेल्या एका लहानशा संस्थेत सुमारे दहा वर्षे त्यांनी काम केले. असल्या संस्थांत पत्रव्यवहारापासून भिंतीला रंग देण्यापर्यंत सर्व कामे थोड्या माणसांनी करावयाची असतात. दुसऱ्यांच्या कलेची व्यवस्था पाहण्यात ऐन तारुण्याची दहा वर्षे गेली. ह्या काळात स्वतःची चित्रनिर्मिती जवळजवळ नाही. जी थोडी झाली तीही त्यांनी नष्ट करून टाकली. कलेच्या इतिहासात अशा काळास रिकामा काळ म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती पटत नाही. दहा वर्षे फायली चाळणारा मनुष्य काहीच शिकत नाही, असे निदान ह्या मासिकाच्या वाचकांनी तरी मानू नये.

१९९० साली त्या इराणला गेल्या. निघताना शाहचे राज्य होते. पोचल्या तेव्हा आयातुल्ला खोमेनीही आदल्या वर्षी निवर्तले होते. मध्ये जे काही झाले होते, ते सर्व त्यांच्या गैरहजेरीत झाले होते. रस्त्यांची नावे बदललेली, भिंतींवर युद्धात कामी आलेल्या तरुणांची प्रचंड चित्रे, आणि स्त्रिया बहुतेक काळ्या वेषात. ह्या धक्क्यातून त्यांची पहिली खरी निर्मिती झाली. १९९३ साली न्यूयॉर्कच्या ‘फ्रँकलिन फर्नेस’ ह्या संस्थेत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. आणि त्याच साली सुरू होऊन १९९७ पर्यंत चाललेली ‘विमेन ऑफ अल्ला’, म्हणजे अल्लाच्या स्त्रिया, ही छायाचित्रमाला जगभर गाजली.

ती चित्रे समजण्यासाठी चादरीचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. इराणी स्त्रीचे ते नखशिखांत काळे वस्त्र, ज्यास ते लोक ‘चादोर’ म्हणतात, ते म्हणजे शब्दाने आपली चादरच. ८ जानेवारी १९३६ रोजी रेझा शाहने ह्या चादरीवर बंदी घातली. आधुनिक होण्याची त्याला घाई झाली होती. रस्त्याने जाणाऱ्या बायांच्या डोक्यावरची चादर पोलीस ओढून काढीत. कित्येक जुन्या वळणाच्या स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९४१ साली इंग्रज-रशियन फौजांच्या दडपणामुळे त्याला राज्यत्याग करावा लागला, तेव्हा ही सक्ती ढिली पडली. पुढे १९७८ साली त्याच्या मुलाविरुद्ध जे मोर्चे निघाले, त्यांत शिकल्यासवरलेल्या अनेक मुली मुद्दाम चादर पांघरून सामील झाल्या, कारण ती आता निषेधाची खूण झाली होती. आणि क्रांतीला महिना होतो न होतो तोच, मार्च १९७९ मध्ये, डोके झाकण्याच्या नव्या हुकुमाविरुद्ध हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर आल्या. १९८३ साली कायद्याने सक्ती झालीच. सरकारी हुकुमाने एकदा उतरविलेले आणि सरकारी हुकुमानेच पुन्हा चढविलेले असे दुसरे वस्त्र जगाच्या इतिहासात विरळाच असेल. पहिल्या हुकुमाने आजीच्या पिढीला छळले, दुसऱ्याने नातीच्या.

नेशातबाईंची छायाचित्रे ह्या दोन हुकुमांच्या मध्ये उभी आहेत. ‘बंडखोर मौन’ हे १९९४ सालचे चित्र त्यांत सर्वांत प्रसिद्ध. काळ्या चादरीतील स्त्रीचा चेहरा समोरून दिसतो. बंदुकीची नळी हनुवटीपासून कपाळापर्यंत उभी जाऊन त्या चेहऱ्याचे बरोबर दोन भाग करते. आणि संपूर्ण चेहऱ्यावर फारसी अक्षरांच्या बारीक ओळी आहेत. ही अक्षरे छायाचित्र घेताना चेहऱ्यावर काढलेली नसून, कागदावर उतरलेल्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर मागाहून हाताने शाईने लिहिलेली आहेत. दुसऱ्या एका चित्रात केवळ एक डोळा आहे आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात कविता लिहिली आहे. तिसऱ्यात कानापाशी चादरीतून डोकावणारी बंदुकीची नळी प्रथम कर्णभूषणासारखी वाटते आणि मग अंगावर काटा येतो. चित्रातील स्त्री पुष्कळदा स्वतः नेशातबाईच असतात. कॅमेऱ्याची कळ मात्र दुसऱ्याने दाबलेली असते. वेष, उभे राहणे, प्रकाश, नजर ह्यांची आखणी त्यांची, टिपणारा निराळा. ह्यावरून काहींनी त्यांना छायाचित्रकार म्हणण्यासच हरकत घेतली आहे. आम्हांस त्यात पुढच्या चित्रपट-दिग्दर्शिकेची चाहूल लागते.

आता त्या अक्षरांविषयी. युरोप-अमेरिकेच्या प्रदर्शनांत ह्या चित्रांपुढे उभे राहणारांपैकी बहुतेकांस ती वाचता येत नव्हती. कित्येकांस ती कुराणातील वचने वाटली. काहींस नुसती नक्षी. वस्तुतः त्या आधुनिक इराणी कवयित्रींच्या कविता आहेत, आणि ह्या कवयित्रींतील दोन प्रमुख नावे एकमेकींशी मुळीच जुळणारी नाहीत. फरूग फरूखजाद ह्या रूढी मोडणाऱ्या, प्रेमाविषयी उघड लिहिणाऱ्या कवयित्री. तबरीझजवळच्या महारोग्यांच्या वसाहतीवर १९६२ साली त्यांनी काढलेला ‘घर काळे आहे’ हा छोटा चित्रपट इराणी चित्रकलेच्या नव्हे, तर चित्रपटकलेच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो. १९६७ च्या फेब्रुवारीत वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी मोटार-अपघातात त्या गेल्या. डोळ्यातील कविता त्यांची. उलट ताहेरे सफ्फारजादे ह्या धर्मनिष्ठ, क्रांतीचे स्वागत करणाऱ्या. पुढे त्यांनी कुराणाचे भाषांतर केले. बंदुकीने दुभंगलेल्या चेहऱ्यावर त्यांचे शब्द आहेत. म्हणजे फारसी जाणणारास ह्या मालेत क्रांतीच्या दोन्ही बाजूंच्या स्त्रिया बोलताना ऐकू येतात. न जाणणारास एकच गूढ पौर्वात्य स्त्री दिसते, मुकी आणि भयंकर.

ह्याच जागी नेशातबाईंवरचा मुख्य आक्षेप येतो, आणि तो इराणी लेखकांनीच घेतला आहे. पाश्चात्त्यांस जी चादर आणि जी बंदूक पाहावयाची सवय झाली होती, तीच त्यांनी सुंदर करून त्यांच्यापुढे ठेवली, असे हे म्हणणे. आमच्या मते आक्षेपात तथ्य आहे. प्रेक्षकाच्या अज्ञानाचा थोडा फायदा ही चित्रे घेतात. कवितेचा अर्थ भिंतीवर लावला तर चित्राचा निम्मा दरारा ओसरेल, हे चित्रकर्तीस ठाऊक असावे. पण मराठी वाचक ह्या चित्रांपुढे उभा राहिला तर त्याची अवस्था काहीशी निराळी होते. चादर, पडदा, आवाज, बाग, बंदूक, कागद, शाई: नेशातबाईंच्या कलेत पुनःपुन्हा येणाऱ्या वस्तूंची यादी केली, तर ती सर्व आपल्या रोजच्या बोलण्यातील नावे निघतात. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तरी फडणीस, चिटणीस आणि दप्तर आपल्याकडे राहिलेच. १९२५ साली माधव जूलियनांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तो काही केवळ हौसेपोटी नव्हे. ह्या चित्रांतील वस्तूंची नावे आपल्याला येतात आणि अक्षरे मात्र वाचता येत नाहीत. मोडी न शिकलेल्या नातवाने आजोबांचे पत्र हाती घ्यावे, तसे होते. ते पत्र घरातलेच आहे हे कळते. नक्षी म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही.

१९९६ साली नेशातबाई शेवटच्या इराणला जाऊन आल्या. त्यानंतर त्यांनी बंदूक खाली ठेवली, अक्षरेही काही वर्षे बाजूस सारली, आणि हलत्या चित्राकडे त्या वळल्या. १९९८ सालची ‘टर्ब्युलंट’, म्हणजे क्षुब्ध, ही सुमारे दहा मिनिटांची कृष्णधवल चित्रफीत आमच्या मते त्यांची सर्वश्रेष्ठ कृती होय. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींवर दोन पडदे असतात आणि प्रेक्षक मध्ये बसतो. एका पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यातील एक पुरुष रंगमंचावर गातो; मागे सभागृहात पुरुषच पुरुष बसलेले. तो त्यांच्याकडे पाठ करून, आपल्याकडे तोंड करून गातो. पद जलालुद्दीन रूमीचे. अभिनय शोजा अझारी ह्यांचा, पण आवाज शहराम नाझेरी ह्या नामांकित गवयाचा. ह्या सर्व वेळात दुसऱ्या पडद्यावर काळ्या चादरीतील एक स्त्री आपल्याकडे पाठ करून, रिकाम्या खुर्च्यांपुढे, स्तब्ध उभी असते. पुरुषाचे गाणे संपते, टाळ्या होतात, तो लवून अभिवादन करतो. आणि मग ती स्त्री गाऊ लागते. सूसन देईहिम ह्यांच्या त्या गाण्यात शब्द नाहीत. घोगरे, उंच, श्वासाचे, हुंदक्याचे, पक्ष्यासारखे स्वर येतात. स्थिर असलेला कॅमेरा तिच्याभोवती फिरू लागतो. आणि समोरच्या पडद्यावरचा तो गवई व त्याचे सारे श्रोते अवाक् होऊन तिच्याकडे पाहत राहतात.

प्रेक्षकाला मात्र दोन्हीकडे एकदम पाहता येत नाही. मान वळवावी लागते, एक बाजू सोडावी लागते. ही साधी युक्ती, पण तिने जे साधले ते शंभर छायाचित्रांनी साधले नसते. पार्श्वभूमी वाचकांच्या ध्यानात आली असेलच. १९७९ नंतर इराणात पुरुष-श्रोत्यांपुढे स्त्रीने एकटीने गाण्यास बंदी आली. १९२४ च्या सुमारास कमर-उल्-मुलूक वझीरी ह्या गायिकेने तेहरानच्या ग्रँड हॉटेलात उघड्या चेहऱ्याने गाऊन जो पायंडा पाडला होता, तो अर्धशतकानंतर मोडला. चित्रफितीत ह्या बंदीचा उच्चार कोठेही नाही. रिकाम्या खुर्च्या तेवढ्या दिसतात. येथे परक्या प्रेक्षकाच्या अज्ञानावर काही अवलंबून नाही. शब्दच नसल्यामुळे फारसी जाणणारा आणि न जाणणारा एकाच पायरीवर येतात. आधीच्या चित्रांवरील आक्षेपास ह्याहून चांगले उत्तर देता आले नसते. फारसीत ‘आवाज’ ह्या शब्दाचा एक अर्थ गाणे असाच आहे, हेही येथे सांगून ठेवतो.

ह्या चित्रफितीस आणि पुढील वर्षीच्या ‘रॅप्चर’ ह्या कृतीस १९९९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘रॅप्चर’मध्ये एका पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यातील पुरुषांचा जमाव समुद्रकाठच्या किल्ल्यात व्यर्थ धावपळ करतो, आणि समोरच्या पडद्यावर काळ्या चादरीतील स्त्रिया वाळवंट तुडवीत समुद्राकडे जातात, शेवटी त्यांतील काही होडीत बसून निघून जातात. कोठे, ते सांगितलेले नाही. किल्ला मोरोक्कोतला. १९९९ ची ‘सोलिलक्वी’ तुर्कस्तानातील मार्दिन आणि न्यूयॉर्क राज्यातील आल्बनी येथे चित्रित झाली. तीत नेशातबाई स्वतः दोन्ही पडद्यांवर आहेत आणि एका शहरातील स्त्री दुसऱ्या शहरातील स्वतःकडे पाहते. पुढे फिलिप ग्लास ह्या अमेरिकन संगीतकाराबरोबरची ‘पॅसेज’ आली, मग मेक्सिकोत चित्रित केलेली ‘तूबा’. ह्या कृती नेत्रसुखद आहेत. पण काळे विरुद्ध पांढरे, स्त्रिया विरुद्ध पुरुष, ही मांडणी तिसऱ्या-चौथ्या वेळेस पाहताना आम्हांस तिची धार बोथट झालेली वाटली. इराण येथे हळूहळू वाळवंट, समुद्र आणि भिंत एवढ्यावर आला होता. सन नाही, गाव नाही, माणसाचे नाव नाही.

ते सन आणि ती नावे परत आली, ती ‘विमेन विदाउट मेन’ ह्या २००९ सालच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात. शहरनूश पारसीपूर ह्यांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीवर तो आधारला आहे. मूळ फारसी नावातील ‘जनान’ आणि ‘मर्दान’ हे शब्द मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या पुस्तकापायी लेखिकेस तुरुंगात जावे लागले आणि पुस्तकावर बंदी आली. पुढे त्यांनीही देश सोडला. नेशातबाईंच्या चित्रपटात कुंटणखान्याच्या मालकिणीची लहानशी भूमिका स्वतः पारसीपूरबाईंनी केली आहे, हा एक विलक्षण योग.

कथेचा काळ ऑगस्ट १९५३. डॉ. मोहम्मद मुसद्दिक ह्यांनी १९५१ साली पंतप्रधान होऊन इंग्रजांच्या ताब्यातील तेल कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची अंमलबजावणी केली, तेव्हा स्वतंत्र होऊन चार वर्षेही न झालेल्या भारतात त्यांच्याविषयी किती आत्मीयता होती, हे जुनी वृत्तपत्रे चाळणारास दिसून येईल. इंग्लंडने तेलाची कोंडी केली. पुढे अमेरिकेच्या व इंग्लंडच्या हेरखात्यांनी मिळून मुसद्दिकांना उलथण्याचा कट रचला. १५ ऑगस्टच्या रात्री केलेला पहिला प्रयत्न फसला आणि शाह बगदादमार्गे रोमला पळाला. चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, भाड्याचे जमाव आणि रणगाडे रस्त्यावर आणून दुसरा प्रयत्न यशस्वी करण्यात आला. मुसद्दिकांना तीन वर्षांची कैद झाली आणि त्यानंतर अहमदाबाद ह्या आपल्या खेड्यात (आपल्या गुजरातेतील नव्हे) ते मृत्यूपर्यंत नजरकैदेत राहिले. ५ मार्च १९६७ रोजी ते वारले. फरूग फरूखजादांस जाऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. अमेरिकन हेरखात्याने ह्या कटातील आपला हात स्वतःच्या कागदपत्रांतून उघड मान्य केला तो २०१३ साली, म्हणजे साठ वर्षांनी. चित्रपट त्यापूर्वी चार वर्षे झाला होता. दप्तर मागाहून उघडले.

चार स्त्रिया ह्या दिवसांतून जातात. मुनीस घरात बसून रेडिओला कान लावते. भाऊ तो बंद करतो आणि लग्नाचे बघ म्हणतो. ती गच्चीवरून खाली पडते, अंगणात पुरली जाते, आणि नंतर मातीतून उठून राजकीय चळवळीत शिरते. जरीन ही वेश्या. तिला पुरुषांचे चेहरे नाकडोळ्यांवाचून दिसू लागतात. फाएजे सरळमार्गी, संसाराची आस धरणारी. फखरी एका सेनाधिकाऱ्याची बायको. ती नवऱ्याचे घर सोडते आणि गावाबाहेर एक बाग विकत घेते. रस्त्यांवरची दृश्ये रंग उडाल्यासारखी, जवळजवळ राखाडी आहेत. बागेत शिरताच हिरवा रंग परत येतो. पण बागेलाही भिंत पुरत नाही. सैनिक तेथेही येतात. मूळ पुस्तकात राजकारण दूरवर ऐकू येणारे. चित्रपटात ते पुढे आणले आहे. आम्हांस विचाराल तर मुनीसचा भाग सर्वांत जिवंत आणि बागेतला भाग थोडा अलंकारिक आहे. मेलेल्या मुलीने उठून मोर्च्यात जावे, ही कल्पना १९५३ विषयी पुष्कळ इतिहासग्रंथांपेक्षा अधिक सांगते. धुके आणि कमळे तितके सांगत नाहीत.

हे तेहरान कासाब्लांका शहरात उभारले होते. नटवर्ग बहुतांश युरोपात विखुरलेल्या इराण्यांचा. जरीनचे काम ओर्शोल्या तोथ ह्या हंगेरियन नटीचे, आणि ती भूमिका जवळजवळ मूक आहे. इराणबाहेर इराण उभारण्याची ही तऱ्हा मात्र नेशातबाईंनी शोधून काढलेली नव्हे. फारसी भाषेतील पहिला बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’, म्हणजे लोर जमातीची मुलगी, हा १९३३ साली मुंबईत तयार झाला, हे आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. ‘आलम आरा’ काढणारे, पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी ह्यांच्या इंपीरियल कंपनीने तो काढला. लेखन आणि नायकाची भूमिका अब्दुलहुसेन सेपंता ह्यांची. इराणात पडद्यावर येण्यास मुसलमान स्त्री मिळणे दुरापास्त होते. मुंबईत रूहअंगीझ ही नायिका मिळाली, तीही कंपनीतल्याच एका माणसाची पत्नी. ह्या धाडसापायी मायदेशी परतल्यावर त्या बाईला आयुष्यभर लोकांचा जाच सोसावा लागला. कथेतील नायक-नायिकाही इराणातून पळून मुंबईस येतात आणि दिवस पालटल्यावर परत जातात. इराणी पडद्यावर स्त्री प्रथम बोलली ती मुंबईच्या मातीवर उभी राहून. कासाब्लांकातले तेहरान हे त्याच उसनवारीचे पुढचे खाते होय. दोघींत अंतर एकच: १९३३ च्या जोडप्यास कथेच्या शेवटी परत जाता आले.

चित्रपटास व्हेनिसच्या महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. त्याच उन्हाळ्यात तेहरानात निवडणुकीच्या निकालावरून लाखो लोक रस्त्यावर आले होते. १९०६ च्या सनदशीर क्रांतीपासून २००९ च्या हरित चळवळीपर्यंत स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणारांस चित्रपट अर्पण केला आहे. अशी अर्पणपत्रिका ग्रंथास शोभावी. इराणात हा चित्रपट प्रदर्शित होऊ शकला नाही.

त्यानंतरचा आलेख थोडक्यात. २०१२ साली फिर्दौसीच्या ‘शाहनामा’वरून नाव घेतलेली छायाचित्रमाला झाली, तीत अक्षरे परतली आणि खलपुरुषांच्या उघड्या छातीवर जुन्या पोथ्यांतील लढाया रंगविल्या गेल्या. २०१३ ची कैरोतील माला आम्हांस अधिक मोलाची वाटते. क्रांतीच्या गडबडीनंतर, आपली माणसे गमावलेल्या सामान्य इजिप्शियन वृद्धांचे ते चेहरे आहेत. अक्षरे येथे इतकी बारीक झाली आहेत की ती सुरकुत्यांत मिसळून जातात. जवळ गेल्यावाचून लिहिलेले काही आहे हेच कळत नाही. वीस वर्षांपूर्वी डोळ्यांवर आदळणारी ती लिपी अखेर माणसाच्या कातडीत उतरली. २०१७ साली साल्झबुर्ग येथे त्यांनी व्हेर्दीची ‘आयदा’ ही संगीतिका बसविली. त्याच साली उम कुलसुम ह्या इजिप्शियन गायिकेवरचा चित्रपट आला. तो आम्हांस फसलेला वाटतो; दुसऱ्याच्या देशाचा आवाज उसना घेणे दुसऱ्याच्या देशाची गल्ली उसनी घेण्याइतके सोपे नाही.

२०२१ च्या ‘लँड ऑफ ड्रीम्स’ ह्या चित्रपटाची वार्ता मात्र आम्हां सरकारी नोकरांस विशेष गंमतीची. पीटर ब्रुकसाठी महाभारताचे नाटक लिहिणारे झाँ-क्लोद कारिएर ह्यांचा त्याच्या पटकथेत हात होता. नायिका सिमीन ही इराणातून आलेली तरुणी अमेरिकेच्या जनगणना-खात्यात नोकरीस आहे. ती न्यू मेक्सिकोतील घरोघर जाते, नेहमीचे रकाने भरते, आणि शेवटी प्रत्येकास विचारते: आपणांस अलीकडे कोणते स्वप्न पडले? खात्याला नागरिकांची स्वप्नेही नोंदवून हवी असतात. संध्याकाळी सिमीन घरी येऊन त्या माणसांसारखा वेष करते आणि त्यांची स्वप्ने फारसीत बोलून दाखविते. जनगणनेच्या कामावर नेमल्या गेलेल्या वाचकांनी हा रकाना आपल्या तक्त्यात नाही म्हणून देवाचे आभार मानावे. तथापि आपल्या तक्त्यात मातृभाषेचा रकाना असतो. आणि परमुलखातील एखाद्या दारावर तो भरताना ‘मराठी’ असे उत्तर आले म्हणजे लिहिणाऱ्याचा हात किंचित थांबतो, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांस सिमीनचे ते संध्याकाळचे वेडेपण फारसे वेडे वाटणार नाही. ह्या चित्रपटात नेशातबाईंनी प्रथमच आपण राहतो तो देश त्याच देशाच्या नावाने दाखविला.

सप्टेंबर १९२२ नव्हे, २०२२. शतक उलटले तरी प्रश्न तोच, म्हणून सन मुद्दाम अधोरेखित करतो. त्या महिन्याच्या १६ तारखेस महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी तेहरानात पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. तिचा अपराध एवढाच की तिने डोके नीट झाकले नव्हते. ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा देशभर उठली, आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधील प्रचंड पडद्यावर त्या घोषणेसह नेशातबाईंची चित्रे झळकली. परंतु त्यांची ‘द फ्यूरी’ ही दोन पडद्यांची चित्रफीत महसाच्या मृत्यूपूर्वीच चित्रित झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कला दाखविण्यात आली. विषय, तुरुंगात राजकीय कैदी स्त्रियांवर होणारे अत्याचार. गणवेशातील पुरुषांच्या गराड्यात एक तरुणी नाचते; तिच्या अंगावर जखमांचे वळ दिसू लागतात; आणि शेवटी ती, अंगावर वस्त्र नसलेली, रस्त्यावर धावत सुटते. हा रस्ता ब्रुकलिनमधला, नेशातबाई राहतात त्याच भागातला. ह्या खेपेस दुकानांवरच्या पाट्या झाकल्या नाहीत की भिंतींवर फारसी अक्षरे काढली नाहीत. दारांतून आणि जिन्यांवरून नाना वर्णांचे शेजारी खाली येतात, क्षणभर बघत राहतात, आणि मग तिच्याभोवती जमून तेही नाचू लागतात.